खुरसावाडीची झडती

देवाच्या न्यायातून आजपर्यंत एकही पापी सुटलेला नाही. हे वाक्य बस्त्यांव लोपीस गेली दोन वर्षं इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, आणि सांगताना त्याची तब्येत उत्तम होती.

खुरसावाडी म्हणजे आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून असलेली किरिस्तांवांची अडतीस घरं, मधोमध चुना फासलेला एक खुरीस, म्हणजे क्रूस, आणि टेकाडावर लहानशी इगर्ज. मुंबई सरकारनं १९५० साली दारू बंद केली तेव्हा वाडीनं त्या कायद्याचा मान राखला. तोवर अंगणात लागणाऱ्या भट्ट्या गोठ्यात नेल्या. एकतीस घरांत भाण होतं. भाण म्हणजे माडी गाळायचं तांब्याचं पोटफुगं भांडं. उरलेल्या सात घरांत ते नव्हतं, कारण गाळायला माणूस नव्हतं. त्या सातांत इजाबेल रोद्रीगचं घर एक. नवरा बारा वर्षांपूर्वी वारला, मुलगा कैतान एकवीस वर्षांचा, आणि त्याचं लक्ष मुंबईकडे लागलेलं. मामा बोटीवर होता. त्यानं पत्र लिहिलं होतं की पावसाळ्याआधी ये, खलाशी म्हणून चिकटवतो.

१९५६ च्या मार्चात झडती आली. जमादार आणि तीन शिपाई. खबर बस्त्यांवच्या भाणाची होती, पण तिच्यात नाव नव्हतं. बस्त्यांवला त्या खबरीची खबर अर्धा तास आधी मिळाली. त्याच्या आणि इजाबेलच्या गोठ्यांची भिंत एकच, आणि त्या चिऱ्याच्या भिंतीला कधीकाळी वासरासाठी पाडलेलं एक भोक होतं. बस्त्यांवनं भाण त्या भोकातून पलीकडे सारलं आणि वर गवत टाकलं.

पोलिसांना ते सापडलं. झडतीला दोन प्रतिष्ठित पंच लागतात. बस्त्यांव कोफ्रादीचा, म्हणजे इगर्जीच्या मंडळाचा, अध्यक्ष. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, मिरवणुकीत लाल झगा घालून पुढे खुरीस धरायचा मान त्याचा. त्याच्याहून प्रतिष्ठित वाडीत कोणी नव्हतं. तेव्हा पहिला पंच तोच. पंचनाम्याखाली त्याची सही आहे. अक्षर चांगलं आहे.

"हे भाण कोणाचं?" जमादारानं विचारलं.

कैताननं बस्त्यांवकडे बघितलं. बस्त्यांव फणसाकडे बघत होता.

"ठावक नाय," कैतान म्हणाला.

"गोठा कोणाचा?"

"आमचो."

खटला एवढाच. कैतानला तीन महिने झाले. त्यानं नाव का सांगितलं नाही, हे वाडीत कोणी विचारलं नाही. बस्त्यांव त्याचा पादीन होता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला पाण्यावर धरणारा धर्मबाप. पादीनाचं नाव पोलिसांना सांगू नये असं दहा आज्ञांत कुठे नाही, पण वाडीत आहे.

कैतान सुटून आल्यावर मामाचं दुसरं पत्र आलं. बोटीवर जायला नळी लागते. खलाशाच्या कागदपत्रांना नळी म्हणतात, कारण ते कागद गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात ठेवायचे. आणि नळीसाठी पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो, असं मामाला कोणीतरी सांगितलं होतं. इजाबेल दाखला मागायला गेली तेव्हा जमादार म्हणाला, "ज्याचं भाण होतं त्यानं येऊन तसं लिहून द्यावं. मग बघू."

म्हणजे इजाबेलला साऱ्या जगाकडून एकच गोष्ट हवी होती: बस्त्यांवच्या तोंडचं एक वाक्य. ती त्याच्या दारात गेली.

"बस्त्यांव, एकदा जावन सांग, भाण माझा होता म्हणान. माझो झील सुटात."

"इजाबेल गो, तो सुटलोच मा? तीन म्हयने झाले नि इलो."

"तेका नळी गावणा नाय."

"आणि मी सांगलंय तर माका न्हेतले. कोफ्रादीचो अध्यक्ष तुरुंगात गेलो तर फेस्ताक खुरीस कोण धरतलो? तू?"

"मगे माझ्या झिलान काय करूचा?"

बस्त्यांवनं आभाळाकडे बोट केलं. "तो बगता आसा. तेच्या न्यायातून कोण सुटाक नाय."

हे वाक्य बस्त्यांव बोलला, आणि इजाबेलनं खरं धरलं. दोघांत फरक तेवढाच होता.

ती वाट बघू लागली. सुरुवातीला सगळी वाडीच बघत होती. पहिल्या पावसाळ्यात बस्त्यांवची गाय मेली, तेव्हा बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. पण गाय अठरा वर्षांची होती. मग वादळात त्याच्या घराची कौलं उडाली. ती सगळ्यांचीच उडाली होती, आणि इजाबेलची जास्त. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीला मुंबईत बँकेतला नवरा मिळाला आणि फणस दोनदा धरला. त्यानंतर वाडीनं बघायचं सोडलं. इजाबेलनं सोडलं नाही. रोज सकाळी उठून ती बस्त्यांव अंगणात दात घासताना दिसतो का ते बघायची. तो दिसायचा. मग ती चूल पेटवायची.

कैतान ओसरीवर बसून लोकांची जाळी सांधायचा. तुरुंगातून आल्यापासून तो विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि विचारायला तसं काही नव्हतं.

मासे विकायला येणारी तुळसा मात्र स्पष्ट बोलायची. टोपली उतरवून ती एकदा म्हणाली, "इजाबेल, आमच्यात देवाक गाऱ्हाणा घातला की आठ दिवसात जाब येता. तुमचो देव इतको सवकास कित्याक गो?"

"आमचो एकटोच आसा, बाय," इजाबेल म्हणाली. "तुमचे तेतीस कोटी."

तुळसाला हे पटलं. माणसं कमी असली की काम तुंबतं.

१९५८ च्या ऑक्टोबरात इगर्जीला नवा पाद्री आला. लिगोर त्याचं नाव, मूळचा गोव्यातल्या साष्टीचा, शिकून बेळगावला राहिलेला, तिशीचा, काळाभोर आणि अतिशय प्रामाणिक. आधीच्या म्हाताऱ्या पाद्रीचं प्रवचन बावीस वर्षं एकच होतं. विषय होता कुत्र्यांना इगर्जीत आणू नये. त्यामुळे वाडीला प्रवचन ऐकायची सवय नव्हती. कुत्र्यांनाही नव्हती. फादर लिगोर लोकांशी पुस्तकातून शिकलेली मराठी बोलायचे, पण प्रवचनासाठी ते आपल्या गोव्याच्या कोंकणीत शिरायचे, कारण मोठ्या गोष्टी माणूस आईच्या भाषेतच बोलतो.

नाताळाआधीच्या आडवेंताच्या पहिल्या रविवारी जगाच्या शेवटाचा पाठ वाचतात. सूर्य काळवंडेल, चंद्र काळवंडेल, समुद्र गर्जेल. पाठ लॅटिनमध्ये झाला, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मग फादर लिगोर लोकांकडे वळले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले:

"झडतेचो दीस लागीं पावला! तयार रावात! लिपयल्लें सगळें उक्तें जातलें!"

गोव्याच्या किरिस्तांवांत देवाच्या शेवटच्या न्यायाला झडती म्हणतात. मरण, झडती, यमकोंड आणि सर्ग, अशा चार शेवटच्या गोष्टी तिथली मुलं दोत्रीनीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, पाठ करतात. खुरसावाडीत या शब्दाचा अर्थ एकच होता, आणि तो सायकलवरून यायचा. म्हणजे वाडीनं ऐकलं ते असं: झडतीचा दिवस जवळ आला आहे. तयार राहा. लपवलेलं सगळं उघडं होणार आहे.

इगर्जीत असा सन्नाटा पडला की फादर लिगोरना वाटलं, आपल्यात काहीतरी आहे. त्यांनी आवाज चढवला. तो चोरासारखा येईल, म्हणाले. कोणी शेतात असेल, कोणी जात्यावर असेल, एकाला नेतील आणि एकाला ठेवतील. हे तर अगदी १९५६ सारखंच होतं. मागच्या रांगेतले चारपाच पुरुष देवाचं अन्न घ्यायच्या आधीच बाहेर पडले.

मीस, म्हणजे इगर्जीतली उपासना, सुटल्यावर वाडीत जी धावपळ झाली तिला भक्ती म्हणता येईल. भाणं विहिरीत उतरली, भाताच्या उडवीत शिरली, दोन तर इगर्जीमागच्या रिकाम्या थडग्यात गेली. इजाबेलची आई गोव्याची. वाडीत हा शब्द दोत्रीनीतून ठाऊक असलेली ती एकटीच असावी. तिनं वाटेत दोघांतिघांना थांबवून सांगितलं.

"ही पोलिसांची न्हय रे. ही देवाची झडती."

"देवाक आमच्या भाणाचा काय पडलासा?" एकानं विचारलं.

"अरे, मेल्यार होता ती."

"इजाबेल, तू भोळी आसस. पाद्री शिकलेलो माणूस. तो उघड कसो सांगतलो? देवाच्या नावार सांगल्यान. आमी समाजलो."

दुपारी वाडी जेवून आडवी झाली तेव्हा इजाबेल गोठ्याच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. भिंतीच्या भोकातून आधी दोन हात आले, मग भाण आलं, मग थोडं खोकणं. हातांनी भाण गवतात ढकललं, गवत वर ओढलं, आणि हात मागे गेले. उजव्या हाताच्या बोटात कोफ्रादीची अंगठी होती.

तिच्या मनात जे आलं ते मी तिच्या बाजूनं सांगतो. ज्या शब्दानं सगळी वाडी चुकली, तो शब्द पाद्रीच्या तोंडी कोणी घातला? बस्त्यांवनं दुसऱ्यांदाही भाण, त्याच भोकातून, तिच्या डोळ्यांदेखत ठेवावं, ही बुद्धी त्याला कोणी दिली? देवानं उशीर केला, पण काम बरोबर त्याच जागी आणून ठेवलं. आता फक्त पोलीस यायला हवे होते, आणि ते येणार नाहीत हे वाडीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

म्हणून सोमवारी सकाळी ती स्वतः पोलिसांना बोलवायला गेली. दोन तास चालून. इगर्जीत नेसायचं लुगडं नेसून.

चौकीत तोच जमादार होता, घाटावरचा. त्याच्याशी इजाबेल शुद्ध बोलली.

"साहेब, झडती घ्यायला या."

"कोणाच्या घरी?"

"माझ्या."

जमादारानं टाक खाली ठेवला. "तुमच्या घरी काय आहे?"

"भाण. पण माझं नाही. बस्त्यांव लोपीसाचं. मी डोळ्यांनी बघितलं ठेवताना."

"गोठा कोणाचा?"

हा प्रश्न तिनं पूर्वी ऐकला होता. "माझा."

"तुमच्याकडे मागेही एकदा सापडलेलं आहे."

"ते पण त्याचंच."

"दोन्ही वेळा त्याचं, आणि दोन्ही वेळा तुमच्या गोठ्यात?"

"भिंतीला भोक आहे, साहेब."

"भोक पंचनाम्यात येत नाही, बाई."

"म्हणून सांगते. तुम्ही या आणि लपून बसा. तो परत न्यायला येईल तेव्हा हातात भाण असताना धरा."

"कधी येईल न्यायला?"

"झडती होऊन गेल्यावर."

"आणि झडती कधी आहे?"

"तुम्ही याल तेव्हा."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत आपल्याच घराची खबर द्यायला आलेलं माणूस जमादारानं पाहिलं नव्हतं. उद्या सकाळी येतो, म्हणाला.

"साहेब, पंच मात्र तो नको."

"पंच गावातला प्रतिष्ठित लागतो," जमादार म्हणाला. हे त्याच्या हातात नव्हतं.

याच वेळी बस्त्यांव फादर लिगोरच्या खोलीत बसला होता. भाण ठेवून झालं तरी त्याला झोप लागली नव्हती. तारीख कळली तर बरं, म्हणून तो आला होता. शेवटच्या न्यायाची काळजी वाटून सोमवारी सकाळी दारात आलेला माणूस फादर लिगोरनी प्रथमच पाहिला. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"फादर, झडती खरीच येता?"

"निश्चित येणार. शंका ठेवू नका."

"कधी?"

"तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही. दूतांनासुद्धा नाही."

दूत म्हणजे खबरे, असा बस्त्यांवनं अर्थ लावला. "फकत आमचीच वाडी, की आचऱ्याची पण?"

"आचऱ्याची, मालवणची, सगळ्या जगाची. एकाच दिवशी."

"एका दिसात? मगे माणसा खूप लागतली."

"असंख्य येतील. कर्णे वाजवत."

हे बस्त्यांवला पटलं नाही. कर्णे वाजवत आलं तर सापडणार काय? पण सरकारचं डोकं सरकारला. "आणि पंच?"

फादरना वाटलं, तो आकडा विचारतो आहे. "पाच नव्हे, एकच. सगळं पाहणारा तोच, आणि निवाडा करणारा तोच."

"पंचाशिवाय झडती?"

"त्याला साक्षीदार लागत नाही."

इथे बस्त्यांवचा चेहरा उतरला. आजवर झडतीत त्याची एक ठरलेली जागा होती. "आणि समजा, फादर, वस्त आपल्या घरात नाय. दुसऱ्याच्या घरात आसा."

"आपलं पाप दुसऱ्याच्या अंगणात टाकणाराही त्याला दिसतो," फादर म्हणाले. ते उपमा देत होते. बस्त्यांवनं कपाळ पुसलं.

"उपाय काय?"

"कुमसार. आपलं पाप आपण होऊन आधीच सांगितलंत, तर त्या दिवशी ते विचारलं जात नाही."

"तुमी लिवन घेतात?"

"नाही. माझ्या तोंडून ते कधीही बाहेर पडणार नाही."

"पोलिसांक पण सांगणा नाय?"

"राजालाही नाही."

बस्त्यांव पन्नास वर्षं कुमसाराला जात होता आणि शुक्रवारी मांस खाल्लं एवढंच सांगत होता. या सोयीचा हा उपयोग त्याला कोणी सांगितला नव्हता. तो तिथेच गुडघ्यावर बसला. कुमसारात काय बोलणं झालं ते मला ठाऊक असण्याचं कारण असं, की ते गुपित राखायचं बंधन पाद्रीवर असतं, पाप्यावर नसतं. बस्त्यांवनं ते पुढे मरेपर्यंत ऐकेल त्याला सांगितलं. तो म्हणाला होता, "मी माझा भाण शेजारणीच्या गोठ्यात ठेयलंय." साल सांगितलं नाही. फादर लिगोर गोव्याचे. त्यांच्याकडे भाण ही घागरीसारखी वस्तू. ती शेजारणीकडे ठेवणं कोणत्या आज्ञेत बसतं, हे त्यांना क्षणभर सुचेना. पण माणूस घामाघूम झाला होता. त्यांनी त्याला क्षमा दिली आणि पेनितेंस, म्हणजे प्रायश्चित्त, सांगितला: जे दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवलं आहेस ते आजच्या आज परत घे, आणि तीन वेळा 'आमच्या बापा' म्हण.

बस्त्यांवनं प्रार्थना वाटेतच म्हणून टाकली.

इजाबेल दुपार कलताना घरी आली. गोठ्यात गवत उसकटलेलं होतं आणि खाली नुसती जमीन होती. कैतान ओसरीवर जाळं सांधत होता.

"भाण खंय गेला?"

"पादीन येवन न्हेल्यान."

"तू बगलंस?"

"बगलंय."

"काय म्हणालो?"

"देव बरा करू, म्हणालो."

"आणि तू काय केलंस?"

कैताननं दोरा दातानं तोडला. "भोकात अडाकला होता. मी हयसून ढकाललंय."

इजाबेल खाली बसली. तिला राग यायला हवा होता, आणि तिनं थोडा वेळ त्याची वाट बघितली. मग ती उठून गुरांना पाणी दाखवायला गेली, कारण सकाळपासून कोणी दाखवलं नव्हतं.

मंगळवारी जमादार सायकलवरून आला, मागे एक शिपाई. गोठ्यातलं सगळं गवत त्यांनी उपसलं. पंच बस्त्यांव लोपीस. "काहीही आढळून आले नाही" याखाली त्यानं सही केली, आणि शिपायाला शहाळं दिलं. जमादार इजाबेलला म्हणाला, "बाई, खोटी खबर देणं हासुद्धा गुन्हा आहे." पण तो तेवढ्यावरच थांबला, माणूस वाईट नव्हता. आलोच आहोत तर म्हणून त्यानं पंचाचं घर सोडून आणखी चार घरं बघितली. तिथेही काही नव्हतं. रविवारपासूनच नव्हतं.

त्यामुळे वाडीच्या दृष्टीनं सगळं सिद्ध झालं. पाद्रीनं सांगितलं होतं झडती येणार, ती आली. ज्यांनी ऐकलं ते वाचले. फादर लिगोरच्या दारात दुसऱ्या दिवशी केळ्यांचे दोन घड, एक कोंबडा आणि बाटली ठेवलेली सापडली, आणि शनिवारी कुमसाराला एवढी रांग लागली की त्यांनी बिशपांना पत्र लिहिलं: एका प्रवचनानं अख्खं गाव पश्चात्तापाला आलं. बिशपांचं अभिनंदनाचं उत्तर त्यांनी बायबलात जपून ठेवलं होतं.

पोलिसांना कोण बोलवायला गेलं होतं हेही कळलं. शिपायानंच सांगितलं, शहाळं पिताना. त्या दिवसापासून इजाबेलच्या विहिरीवर कोणी पाण्याला आलं नाही, आणि नाताळात तिच्या घरचं नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घरोघरून झाकलेलंच परत आलं. तिच्या चौदा वर्षांच्या वैधव्यात जे वाडीनं केलं नव्हतं ते आता केलं. बस्त्यांव तेवढा तिच्याशी बोलायचा. तो म्हणायचा, "माझ्या मनात काय नाय, गो. माझा सगळा फिटला."

ते खरं होतं. त्याच्या मनात खरोखरच काही नव्हतं.

इजाबेल शेवटी फादर लिगोरकडे गेली. ते बागेत मिरच्यांना पाणी घालत होते.

"फादर, झडती झाली काय?"

ते हसले. "नाही, बाई. ती अजून व्हायची आहे."

"आणि पाप्यान आधीच कुमसार केल्यान तर?"

"तर देव ते पाप विसरतो."

"आणि त्या पापान जेचा नुकसान झाला, तेचा काय?"

फादर लिगोरनी झारी खाली ठेवली. त्यांना आता काहीतरी कळलं होतं, असं तिला वाटलं. कळलं असलं तरी ते बोलू शकत नव्हते. त्यांनी झारी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "त्यांच्यासाठी सर्ग आहे, बाई."

"नळी नाय?"

"नळी?" हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. "कसली नळी? पाण्याची?"

"काय नाय, फादर," ती म्हणाली आणि घरी आली.

सकाळी उठून बस्त्यांव अंगणात दिसतो का हे बघायचं तिनं त्यानंतर सोडलं. तो तिथे असायचाच.

१९६१ च्या सुरुवातीला मामाचं पुन्हा पत्र आलं. आता कंपनीत त्याच्या ओळखीचा माणूस आला होता, दाखला असो नसो, पोराला पाठवून दे. इजाबेलनं कैतानला बसायला चटई, उकडे तांदूळ आणि आजोबांचा कोट दिला. मुंबईच्या कचेरीत कारकुनानं कागद बघितले. मामानं स्वतःहूनच ते तीन महिन्यांचं सांगून टाकलं, मागाहून कटकट नको म्हणून. कारकून म्हणाला, दारूच्या केसेस धरत बसलो तर बोटी बंदरातच राहतील. वर्तणुकीचा दाखला त्यानं मागितला नाही. तो कधीच कोणाकडे मागत नव्हता.

मग डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि ठिपक्यांत कोणता आकडा दिसतो ते विचारलं.

"खंय आसा आकडो?" कैताननं विचारलं.

आठव्या दिवशी तो खुरसावाडीला परत आला. डेकवरच्या खलाशाला लाल दिवा आणि हिरवा दिवा वेगळा ओळखावा लागतो. कैतानला जन्मापासून ते दोन्ही रंग एकच दिसत.